डॉक्टरीणबाईंचा बॅकहँड

...नाही, पण लोकांना वाटतं काय, टेनिसची खाजगी शिकवणी म्हणजे पांढरी टोपी घालायची, सावलीत उभं राहायचं आणि अधूनमधून "छान, छान" म्हणायचं. तुम्हाला सांगतो, चोवीस वर्षं शिकवतोय, दोन्ही गुडघे कामातून गेले, मानेपासून टाचेपर्यंत रापलो, टोपीखालचं टक्कल तेवढं गोरं राहिलंय, आणि परवा नवे व्याही विचारतात, "हे झालं सकाळचं. बाकी काय करता?" बाकी? अहो, बाकी काही उरलंय का माझ्यात? तर आमची ही त्यांना म्हणते, "त्यांना त्यात समाधान मिळतं." झालं. समाधान म्हणाल तर भरपूर.

आता त्या डॉक्टरीणबाईंचंच घ्या. दातांच्या डॉक्टर, वय बासष्ट, दवाखाना नुकताच बंद केलेला. पहिल्या दिवशी आल्या, जाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आठ महिन्यांत एका बाईला हरवायचंय. जमेल?" मी म्हटलं, "कोण बाई?" तर म्हणे, "ते तुमच्या शिकवणीत येत नाही."

बरं, शिकवायला लागलो. रॅकेट धरली तीच मुळी पक्कड धरतात तशी. चेंडू आला की बाई मारायच्या नाहीत, उपटायच्या. मी आपला घसा फोडतोय, "बाई, मनगट सैल, खांदा वळवा, बॅकहँडला पाय आधी..." आणि त्या शांतपणे, "सर, खालची डावी दाढ भरून घ्या, ओरडताना दिसते." म्हणजे शिकवणी माझी आणि तपासणीही माझीच. आठ महिन्यांत बाईंचा एक बॅकहँड जाळीपलीकडे जाईल तर शपथ. मलाच शंका यायला लागली, की आपल्याला तरी येतो का बॅकहँड? घरी आरशासमोर करून बघितला. आरसा नवा आणावा लागला. समाधान म्हणाल तर... असो.

मग एकदा बाकावर पाणी पिताना बाई आपणहून बोलल्या. "ती माझी धाकटी जाऊ आहे. अकरा वर्षांपूर्वी तिची दाढ मी काढली."

मी म्हटलं, "मग?"

"शेजारची काढली."

माझी जीभ आपोआप माझ्या डाव्या दाढेवर गेली. त्या म्हणाल्या, "तिनं घरच्या सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, दोन्ही किडल्या होत्या. तेव्हापासून बोलणं बंद. एकाच इमारतीत राहतो आम्ही. लिफ्टमध्ये ती असली तर मी जिन्यानं जाते. चौथ्या मजल्यावर."

"पण किडल्या होत्या ना दोन्ही?"

बाईंनी बाटलीचं झाकण लावलं, रॅकेट उचलली. "चला, बॅकहँड घेऊ."

ही धाकटी जाऊ म्हणजे कॉलेजपासून खेळलेली, क्लबाच्या स्पर्धेत दरवर्षी पहिली. आणि स्पर्धेच्या दिवशी पहिल्याच फेरीत समोरासमोर कोण? या दोघी. सगळं सासर खुर्च्या टाकून बसलेलं. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, बिचारे टाळ्या कुणासाठी वाजवायच्या म्हणून हात मांडीखाली घेऊन बसलेले. आणि मी कोपऱ्यात, टोपी डोळ्यांवर ओढून, कुणी विचारू नये की यांना शिकवलं कुणी.

शून्य-एक, शून्य-दोन, बघता बघता शून्य-पाच. मी मनातल्या मनात दुसरा धंदा शोधायला लागलो होतो. तेवढ्यात धाकटीचा एक चेंडू उंच आला, बाईंच्या डाव्या अंगाला, आणि तुम्हाला सांगतो, बाईंचा पाय आधी पडला, खांदा वळला, मनगट सैल... आठ महिने जे सांगून सांगून माझी जीभ झिजली ते सगळं, एका दमात, जसंच्या तसं! चेंडू सणसणत जाळीवरून गेला आणि थेट धाकटीच्या जबड्यावर. माझ्या चोवीस वर्षांतला सगळ्यात सुंदर बॅकहँड, आणि तो उतरला कुठं, तर एका सभ्य बाईच्या तोंडावर.

धाकटी गाल धरून खाली बसलेली. बाईंनी रॅकेट टाकली, बॅगेतून छोटी बॅटरी काढली, जाळीला वळसा घालून धावत गेल्या, गुडघ्यावर बसल्या आणि अकरा वर्षांतला पहिला शब्द बोलल्या, "आ कर."

मला वाटलं, आता ही थोबाडीत देते. तर तिनं आ केला. बघा, माणसाला काय म्हणावं. ज्या हातानं नको ती दाढ उपटली त्याच हातासमोर तिनं तोंड उघडलं.

बाई एकेक दात हलवून बघत होत्या. "हा दुखतो? हा?" मग बोट एका मोकळ्या जागेवर थांबलं. हळूच म्हणाल्या, "ही चांगली होती गं. मला काढली तेव्हाच कळलं होतं."

धाकटी तसाच आ ठेवून म्हणाली, "माहितीये मला, ताई. तुम्ही म्हणायची वाट बघत होते."

मग दोघी तिथंच मातीत बसून रडल्या, हसल्या, सामना राहिला बाजूला. मीही पाणी घेऊन धावलो, आता कौतुक होणार म्हणून. धाकटीनं सुजल्या गालानं वर बघितलं. "हा फटका तुम्ही शिकवलात?" मी म्हटलं, "नाही हो, तो त्यांचा त्यांनीच बसवलाय." समाधान म्हणाल तर भरपूर, पण ते कबूल करायची सोय नाही.

आता दोघी मिळून येतात शिकायला, आठवड्यातून तीनदा. अकरा वर्षांचं बोलणं साचलंय, संपता संपत नाही. तासातली पन्नास मिनिटं त्या जाळीच्या दोन बाजूंना टेकून गप्पा मारतात, मी आपला मैदानभर पडलेले चेंडू गोळा करत फिरतो. परवा धाकटी माझ्याकडे बघून कौतुकानं म्हणाली, "ताई, सरांचं वाकणं किती सुधारलंय नाही?"