फक्कीचं रिंगण

...अन् वर मलाच विचारतात, 'सर, तुम्ही असं कसं केलं?' अहो, कसं केलं म्हणजे? चांगलं व्हावं म्हणून केलं! एकतीस वर्षं खेळाचा मास्तर होतो मी, सगळी हयात मैदानावर चुन्याची फक्की मारण्यात गेली, कबड्डीचं म्हणू नका, खो-खोचं म्हणू नका, दोरी न लावता सरळ रेघ मारायचो, तपासणीला साहेब आले की आधी रेघ बघायचे, मग पोरं बघायचे... अन् त्याच फक्कीनं म्हातारपणी मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाय! मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, कुणी ऐकलं? पोरगी शाळेत असती, तर हे झालंच नसतं!

पोरगी म्हणजे माझी नात, सावनी. अकरा वर्षांची. सूनबाईंनी ठरवलं, हिला शाळेत घालायचं नाय, घरीच शिकवायचं. 'आबा, पाखरं, पाणी, माती हे पुस्तकात नसतं, बाहेर जाऊन शिकायचं असतं.' बरं, बाहेर नेणार कोण? सूनबाई ऑफिसात, मुलगा ऑफिसात. रिकामा कोण? मी! आमच्या उस्मानपुऱ्यात लोक विचारतात, 'सर, नातीला सुट्टी हाय का?' काय सांगू त्यांना? तिला रोजच सुट्टी, मला एक दिवस सुट्टी नाय!

सकाळी सहाला स्कूटर काढायची. मागं ही, गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही. क्रांती चौकात सिग्नल सुटला की पाठीत बुक्की, 'आबा, थांबा! घार!' मागं रिक्षावाले काय काय बोलतात ते इथं सांगण्यासारखं नाय. पैठणला धरणाच्या काठी चिखलात तीन तास उभं केलं मला, अन् शब्द काढायचा नाय म्हणे. माझी शिट्टी दोन गल्ल्या पलीकडं ऐकू जायची हो, अन् मला म्हणती, 'आबा, श्वास जरा हळू घ्या.' पोरगी शाळेत असती, तर मी निवांत पेपर वाचत नसतो बसलो?

तर एप्रिल सरता सरता आम्ही शेंद्र्याला, बन्सीच्या माळावर. बन्सी माझा जुना विद्यार्थी, खो-खोत वाऱ्यासारखा पळायचा. तिथं सावनी एकदम खाली बसली. 'आबा, टिटवीची अंडी!' मला तर नुसते खडे दिसत होते. दोन मिनिटं डोळे ताणले तेव्हा कुठं चार खडे जरा अंड्यासारखे दिसाय लागले. उघड्या माळावर! काडी नाय, आडोसा नाय. मी म्हणलं, ही काय आई म्हणायची का? तर म्हणती, 'आबा, आडोसा केला की कावळ्याला कळतं. ती कुणाला दिसत नाहीत ना, तेच त्यांचं घर.'

ऐकलं होतं मी हे. या कानांनी ऐकलं होतं.

बन्सी खूश. 'चार अंडी मंजी चार म्हैने पाऊस, सर! टिटवी खोटं नाय बोलत.' मग काय, रोज शेंद्रा! मोजून तीस पावलांवर बसायचं. भर उन्हात ती टिटवी पाटाच्या पाण्यात जायची, पोट भिजवायची, अन् तसंच ओलं पोट घेऊन अंड्यांवर येऊन बसायची. गार करायला हो! सहासष्ट वर्षं मी टिटवीचं नुसतं ओरडणं ऐकलं, तिचं पोट कधी बघितलं नव्हतं. सावनीनं वहीत एक पान केलं, 'टिटवीचे शत्रू : कावळा, मुंगूस, कुत्रं.' अन् खाली रोज एक खूण. अठ्ठावीस दिवस लागतात म्हणे पिल्लं निघायला.

एकोणिसाव्या दिवशी पोरीला ताप. म्हणली, 'आबा, तुम्ही एकटे बघून या. तीस पावलांवरून हं.' गेलो. टिटवी पाण्यावर गेलेली, अंडी उघडी, अन् पलीकडून बकऱ्या येत होत्या! माझा जीव खालीवर. कुणाचा पाय पडला म्हणजे? ट्रॅक्टर आला म्हणजे? रिटायर झालो तरी स्कूटरच्या डिकीत फक्कीची पिशवी असतीच माझ्या. काढली, अन् अंड्यांभोवती असं रिंगण मारलं, असं गोल, की परकारानं मान खाली घालावी! रस्त्यावरनं दिसत होतं. लई समाधान वाटलं बघा.

घरी येऊन सांगितलं, तर पोरगी तापात उठून बसली. 'आबा, ते लांबून दिसंल!' मी म्हणलं, 'अगं, दिसावं म्हणूनच मारलं.' तर म्हणली, 'पुसायला लागंल. उद्याच.' दुसऱ्या दिवशीही ताप. मी म्हणलं, एका दिवसानं काय होतंय?

तिसऱ्या दिवशी गेलो दोघं. बन्सीला कुंपणाला सिमेंटचे खांब रोवायचे होते, मला काय माहीत! जेसीबीवाल्या शफीकला त्यानं सांगितलेलं, 'जिथं फक्की दिसंल तिथं खड्डा घे,' अन् स्वतः सासुरवाडीला. शफीक बिचारा घाम पुसत खाली उतरला. 'चाचा, बाकी के सब निशान टेढे-मेढे थे, ये एकच इत्ता मस्त गोल था... इसको तो मैं एकदम साफ लिया!'

साफ. खरंच साफ. कमरेइतका खोल खड्डा.

मी सांगितलं त्याला काय होतं तिथं. तो गडी टोपी काढून उभा राहिला, म्हणला, 'मिट्टी वापस डाल देतूं चाचा.' अरे बाबा, मातीनं काय होतंय...

अन् तेवढ्यात ती आली. टिटवी. पोट ओलं. खड्ड्याभोवती पळती, थांबती, परत पळती. बसायला जागाच सापडंना तिला. माझा हुंदका बाहेर पडला, एवढा बाप्या माणूस, जेसीबीवाल्यासमोर रडलो. पोरगी? पोरगी माघारी फिरली, मोजून तीस पावलं गेली, अन् रोजच्या जागेवर जाऊन बसली. मी जवळ गेलो, म्हणलं, 'बाळा, आबाचं चुकलं गं.' तर म्हणती कशी, 'हळू बोला आबा. तिला त्रास होतो.'

ओरडली असती, रुसली असती तर बरं झालं असतं हो! बन्सीचा फोन येतो, 'सर, मग आता पावसाचं कसं हो?'

परवा तिची वही टेबलावर उघडी दिसली. तेच शत्रूंचं पान. कावळा. मुंगूस. कुत्रं. अन् त्याखाली, नव्या पेननं... 'आबा.' पुढं कंसात, 'मुद्दाम नाही.'

एकतीस वर्षं पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर शेरे मारले मी. 'उनाड.' 'शिस्त नाही.' एकाच्याही पुढं कधी कंस टाकला नाय. पोरगी शाळेत असती ना, तर कावळा, मुंगूस, कुत्रं, तीन शत्रू पाठ केले असते, पैकीच्या पैकी मार्क घेतले असते... अन् मी सुटलो असतो!