प्लास्टिकचं बाळ

डॉक्टर : वरच्यांनी पाच वर्षांचं शिक्षण तीन वर्षांत उरकलं, आम्हाला डॉक्टर म्हणून इथे आणून टाकलं आणि हात झटकले, सर! सरावाला बाळ म्हणून हाताखाली काय दिलं? प्लास्टिकची बाहुली!

(दवाखान्यातली तपासणीची खोली. बाहेर बाकांवर गर्दी. तिला कॉलेजात शिकवणारे सर फोनवर.)

सर : अगं, हळू. तुमची तुकडी नसती तर त्या दवाखान्याला आज कुलूप असतं. झालं काय, ते नीट सांग.

डॉक्टर : सकाळी तापाचं बाळ आलं, चार महिन्यांचं. डोक्यावरून हात फिरवला. टाळू टणक, वर आलेली. आपल्या बाहुलीसारखीच. म्हटलं, ठीक आहे. तापाचं औषध देऊन घरी पाठवलं.

सर : मग?

डॉक्टर : आत्ता लशीसाठी दुसरं बाळ आलं. त्याची टाळू मऊ. बोटाखाली उडतेय, सर! लगेच सिस्टरना सकाळच्या बाळाच्या आईला फोन लावायला सांगितलं.

सर : म्हणजे सकाळच्या बाळाला... मेंदूवर सूज असेल.

डॉक्टर : ते मला परीक्षेतही येत होतं! तोंडपाठ. बोटांना येत नव्हतं.

सिस्टर : मॅडम, त्या आईचा फोन लागला. सकाळी हीच 'झटपट डॉक्टर' म्हणून नाक मुरडत होती, आता भलतीच खूश आहे. म्हणते, मॅडमच्या हाताला गुण आहे. रात्रभर किरकिरणारं पोर औषध घेतल्यापासून गाढ झोपलंय. दूधसुद्धा मागत नाही.

डॉक्टर : उठवून बघायला सांगा!

सिस्टर : सांगितलं. हलवलं तरी डोळे उघडत नाही म्हणाली. हसत म्हणाली हो, मॅडम.

डॉक्टर : ऐकलंत, सर? तुमच्याकडची गाडी त्यांच्या घरी पाठवा, तिथून थेट मोठ्या हॉस्पिटलात. मी इंजेक्शन घेऊन पुढे पोचते.

सर : थांब, थांब. दवाखाना सोडू नकोस. आणि हे बाहुलीचं कुठे बोलू नकोस. पुढच्या तुकडीचे प्रवेश चालू आहेत.

डॉक्टर : त्यांच्या हातातही तीच बाहुली देणार?

सर : मलाही भीती वाटते गं. तुला पास मीच केलंय.

सिस्टर : मॅडम, आई फोनवरच आहे. विचारतेय, पोराला झोपू देऊ ना?

डॉक्टर : सर, तिला काय सांगू? गाडी निघाली का?