आंबोळी जुनी की इंजेरा?

इंद्रलोक सोसायटीतल्या आमच्या अनिकेतचं सांगतो तुम्हाला. आमच्याच मजल्यावर राहायचा. ऑफिसातून आला की इंटरनेटवरच्या एका फोरमवर जगभरच्या लोकांशी वाद घालत बसायचा. विषय क्रिकेटवरून निघायचा आणि इजिप्तच्या ममी, जपानी बाहुल्या असं करत कुठेही पोचायचा. इथिओपियातल्या एका माणसाशी तर त्याचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. त्यांचा इंजेरा जुना की आपली आंबोळी? दोन्ही पदार्थ आंबवलेल्या पिठाचे, जाळीदार.

मधेच अनिकेत हार्ट अटॅकने गेला. त्याच्या आईच्या, म्हणजे काकींच्या डोळ्यांतून पाणीच येईना. दिवसकार्य झाल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"त्याचे ते कॉम्प्युटरमधले मित्र वाट बघत असतील रे. कळव त्यांना."

मी फोरम उघडला. त्या इथिओपियावाल्याचा शेवटचा मेसेज होता, "काय मित्रा, गप्प का? हरलास ना?"

मी मराठीत वाचून दाखवला. काकी म्हणाल्या, "लिही, तो गेला. आणि लिही, मी त्याची आई. आंबोळीचं पीठ मी रात्रभर आंबवते."

मी तसंच इंग्रजीत लिहिलं. थोड्या वेळाने उत्तर आलं.

"आई, आमच्याकडे पीठ दोन-तीन दिवस ठेवतात. पण आंबोळीच जुनी. तुमचा मुलगा जिंकला."

मी तेही काकींना मराठीत वाचून दाखवलं.

"मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतोय रे तो," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हमसून हमसून रडल्या.