फोटोतली चिठ्ठी

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर निवृत्त हेडक्लार्क पेपर उघडून बसले होते आणि अर्थातच वाचत नव्हते. शेजारी दृष्टी गेलेले म्हातारे शिंपी आणि त्यांचा मुलगा होता. शिंप्यांचा फोन आलेले निरोप खणखणीत आवाजात वाचून दाखवत होता.

"आप्पा, आवाज कमी करा. लोक ऐकतायत."

"केला. नातीच्या लग्नाला निघायचं कधी?"

"तुम्हाला प्रवास झेपणार नाही. सांगितलंय ना."

"चिठ्ठीत प्रवासाचं काही नव्हतं."

"कुठली चिठ्ठी?"

"घरच्या ग्रुपवर तू कागदावर लिहून फोटो टाकतोस, ती. माझा फोन फोटो वाचत नाही म्हणून."

"आप्पा..."

"नवीन ॲप वाचतं. हातानं लिहिलेलंसुद्धा. 'आप्पा जेवताना अंगावर सांडतात, व्याह्यांसमोर शोभा नको.'"

मुलाने पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडले आणि परत लावले.

"कधीपासून वाचतंय?"

"झाले तीन महिने."

"मग बोलला का नाहीत?"

"आधी वाटलं, ॲपच चुकलं. तुझं अक्षर लहानपणापासून गचाळ. चार वेळा वाचून घेतलं बाबा त्याच्याकडून. चारही वेळा तेच म्हणालं."