वळणावरचा हॉर्न

ओसेस : …वर लाल कौलं घालू, बाई. आत मेणबत्त्या लावायला पायऱ्या, पुढे लोखंडी दार, आणि संगमरवरावर लिसांद्रोचं नाव. आत्ताची तुमची आनिमिता म्हणजे काय, पत्र्याचा डबा आणि वर क्रूस. रस्त्यावर मुलाचा जीव गेला, त्याच्या आत्म्याला राहायला एवढंसं घर?

एदेलमिरा : डबा म्हणू नका. माझ्या दिराने केलीय ती. पण पाऊस आत येतो हे खरं. काल दोनदा मेणबत्ती विझली.

(चिलीच्या दक्षिणेकडचं, पाइनच्या रानालगतचं स्वयंपाकघर. चुलीतल्या राखेत भाकर पुरलेली. ओसेस हा ओंडके वाहणाऱ्या कंपनीचा माणूस. टेबलाशी म्हातारी एदेलमिरा. तिची सून यास्ना आंगोलच्या बसमधून उतरून आत्ताच दारात आली आहे. टेबलावरचा कागद तिने आधी पाहिला, माणूस नंतर.)

यास्ना : सही झाली का, आई?

एदेलमिरा : आलीस? बस, हा माते-चहा घे, गरम आहे. अजून नाही झाली. तुझीही लागते म्हणतात.

यास्ना : माझीच लागते. म्हणून तर थांबलेत हे.

ओसेस : यास्ना, सर्वप्रथम, कंपनीतल्या प्रत्येकाच्या वतीने…

यास्ना : ते फुलांबरोबर आलं होतं, साहेब. पुढचं बोला.

ओसेस : बरं. कंपनी तुम्हाला रक्कम देते आहे. कागदावर आहे. शिवाय नवी आनिमिता, तुमच्या सासूबाईंच्या इच्छेखातर. आणि तुम्ही लिहून द्यायचं की यापुढे आमच्याविरुद्ध तुमची कसलीही तक्रार नाही. एवढंच.

यास्ना : रक्कम मी वाचली. त्यातली निम्मी तुमची नाहीच.

ओसेस : म्हणजे?

यास्ना : प्रत्येक गाडीला सक्तीचा विमा असतो. माणूस मेला की चूक कुणाचीही असो, तो पैसा घरच्यांना मिळतो. आमचाच आहे तो. तुम्ही आपल्या ताटात घालून आणलात आणि वर कंपनीची माया म्हणून वाढलात.

एदेलमिरा : माया नाही होय ती? अगं, मी रविवारी चर्चच्या दारात यांचा हात धरून रडले.

यास्ना : परत घ्या ते रडणं.

ओसेस : हे कुणी डोक्यात भरवलं तुमच्या? आंगोलच्या त्या फुकट कायदेसल्ल्याच्या कचेरीत गेला होतात वाटतं. तिथे शिकाऊ मुली बसतात हो.

यास्ना : शिकाऊच आहे ती. बोलताना पेनाचं टोपण चावते. पण दोन बायकांना बाहेर थांबवून माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ड्रायव्हरवरचा फौजदारी खटला सरकारी वकील चालवतीलच, पण तुम्हीही त्यात स्वतः तक्रारदार म्हणून उभ्या राहा, नाहीतर तो कपाटात झोपेल. नुकसानभरपाई वेगळी. ती ट्रकच्या मालकाकडूनही मागता येते.

ओसेस : मागता येतं. मिळतं कधी, ते विचारलंत का? वर्षं जातात. तुमची मुलगी शाळा संपवेल तोवर. आणि आमचा प्रस्ताव शुक्रवारपर्यंत आहे.

यास्ना : तेही विचारलं. शुक्रवार कुठल्या कायद्यात आहे म्हणाली. दावा लावायला कायदा चार वर्षं देतो. घाई तुमच्या कॅलेंडरला आहे. सही केली की मात्र सगळी दारं एकदम बंद.

एदेलमिरा : सगळी? मला तर हे म्हणाले, नुसती पोच आहे.

ओसेस : बाई, सोप्या भाषेत सांगायचं म्हणून म्हटलं. हे बघा, चूक झाली ती ड्रायव्हरची, ओमेरची. त्याला आम्ही त्याच आठवड्यात काढून टाकलं. आता त्याच्यावर खटला घालून त्याच्या दोन शर्टांतला एक घेणार का?

यास्ना : त्याला काढलंत म्हणून ट्रक त्याचा झाला का? त्या दिवशी त्याला झोपायला न देता पुन्हा गाडीवर कुणी पाठवलं?

ओसेस : ते सिद्ध व्हायचंय.

एदेलमिरा : तो पोरगा लिसांद्रोच्या पेटीपाशी रात्री जागरणाला आला होता, साहेब. दारातच उभा राहिला. लोक त्याला मारतील असं वाटलं मला, म्हणून मीच पुढे झाले. वाडगाभर रस्सा दिला. वाडगा तसाच उंबऱ्यावर ठेवला त्याने. मी त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, पण त्याचं कोवळं वय बघितलं आणि राहूनच गेलं.

ओसेस : तुमचं मन मोठं आहे, बाई. तेच मन आत्ता ठेवा. आणि खरं सांगू? चूक सगळी त्याचीही नव्हती. लिसांद्रोची सायकल एकदम मध्ये आली. अंधारून आलेलं, पाऊस. सरळ रस्ता, निलगिरीपाशी. तिथे कोण कशाला वळण कापेल? कोर्टात हे निघालं तर मेलेल्या माणसाच्या नावाला डाग लागतो. मला ते नकोय.

एदेलमिरा : निलगिरीपाशी?

ओसेस : पोलिसांच्या टिपणात नक्की जागा नाही. ते पोचेपर्यंत तुमच्याच लोकांनी त्याला उचललं होतं, रस्ता धुऊन गेला होता. पण आमच्या माहितीप्रमाणे तिथेच.

एदेलमिरा : आणि नवी आनिमिता कुठे बांधणार म्हणालात?

ओसेस : तिथेच. म्हणजे, सावली आहे, गाडी थांबवायला जागा आहे. आत्ताची आहे त्या वळणावर मेणबत्ती लावता लावता तुम्हालाच कुणी उडवलं तर? तुम्हाला पटलं होतं की.

एदेलमिरा : सावलीचं पटलं होतं.

यास्ना : आई, त्या पोरीने मला पहिलं काय विचारलं माहितीये? आनिमिता कुठे आहे. मला रागच आला, म्हटलं ही आता नवस बोलणार की काय. तर म्हणाली, पोलिसांचं टिपण अर्धवट आहे, म्हणजे न्यायाधीश बघणार की घरचे लोक मेणबत्ती कुठे लावतात. वळणावर असेल तर ट्रकने वळण कापलं, सरळ रस्त्यावर असेल तर सायकल मध्ये आली. जिथे जीव गेला तिथेच ती असते, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही ती हौसेने निलगिरीपाशी न्याल. सिमेंट वाळायच्या आत यांचा माणूस फोटो काढून जाईल. मग कोर्टात म्हणतील, बघा, आईनेच जागा दाखवली.

एदेलमिरा : साहेब, हे खरं?

ओसेस : बाई, लोक फार संशयी झालेत. घर ते घर. आत्मा काय फूटपट्टी घेऊन बसतो?

एदेलमिरा : मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं ते वळणावर. रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्टीपलीकडे, खडीवर. त्याच्या पिशवीतलं भाजलेल्या गव्हाचं पीठ सांडलं होतं, सकाळी मीच बांधून दिलेलं. लोक त्याला उचलायला धावले तर मी ओरडत होते, पिठावर पाय देऊ नका. सगळ्यांना वाटलं म्हातारी भ्रमली. आणि मी तुम्हाला हो म्हणून बसले. कौलांसाठी.

यास्ना : तुम्हाला त्याच्यासाठी घर हवं होतं. त्यात काही चुकलं नाही तुमचं.

एदेलमिरा : चुकलं. पण सही राहिली.

ओसेस : मी समजू शकतो. पण ही आईची साक्ष झाली. कोर्टाला तिऱ्हाईत माणूस लागतो. त्या संध्याकाळी त्या रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं.

यास्ना : तिऱ्हाईत कशाला? तुमचेच ड्रायव्हर आहेत की.

ओसेस : त्यांनी काय पाहिलंय?

यास्ना : पाहिलं नाही. हॉर्न वाजवतात. वळणावर आले की प्रत्येकजण एक लांब हॉर्न देतो. आम्ही रोज पहाटे त्यानेच जाग्या होतो.

ओसेस : आनिमिता दिसली की ड्रायव्हर हॉर्न वाजवतात, यास्ना. देशभर वाजवतात. आदर असतो तो.

यास्ना : आनिमिता दिसली की. ती कधी बसवली आम्ही, आई?

एदेलमिरा : नऊ दिवसांची प्रार्थना संपली तेव्हा. त्याच्या आधी बसवत नाहीत.

यास्ना : आणि हॉर्न?

एदेलमिरा : हॉर्न तर… थांब गं. तो इथे होता तेव्हा. मधल्या खोलीत, शवपेटीत. पहाटे मी त्याच्याजवळ बसले होते आणि पहिला हॉर्न वाजला. मग दुसरा. मला वाटलं, रस्त्यावर गाय आली असेल.

यास्ना : गाय नव्हती. तेव्हा वळणावर काहीच नव्हतं. क्रूस नाही, फूल नाही, पाऊस सगळं घेऊन गेला होता. तरी तुमच्या गाड्या नेमक्या तिथेच वाजत होत्या, साहेब. निलगिरीपाशी एकही नाही. त्यांना जागा कुणी सांगितली?

ओसेस : लोक बोलतात. गावात बातमी पसरते.

यास्ना : गाव तेव्हा इथे मधल्या खोलीत होतं, त्याच्या पेटीपाशी. तुमचे ड्रायव्हर रात्री तुमच्या आवारात झोपतात. तिथे ओमेर होता. तो तिथे काय म्हणाला, ते एकेकाला शपथेवर विचारणार आहे आम्ही. तू तिथे हॉर्न का वाजवतोस, एवढाच प्रश्न.

ओसेस : त्यांना नोकऱ्या आहेत. कोणी बोलणार नाही.

यास्ना : न बोलले तर न बोलू देत. पण क्रूसाकडे बघून खोटं बोलणारा ड्रायव्हर मला अजून दिसायचाय. त्यांना रोज त्याच वळणावरून जायचंय.

ओसेस : तुम्ही हराल, यास्ना. मी हे प्रेमाने सांगतोय. आमच्याकडे राजधानीतले वकील आहेत. तुमच्याकडे टोपण चावणारी मुलगी.

यास्ना : हरेन कदाचित. पण ती हार माझी असेल. तुमच्या कागदावर मी हरलेली छापून आलेय आधीच.

एदेलमिरा : कागद उचला, साहेब. चहाचा डाग पडेल त्याच्यावर, पुन्हा कुणाला तरी दाखवायला लागेल तुम्हाला.

ओसेस : बाई, तुम्ही तरी विचार करा. संगमरवर…

एदेलमिरा : पत्राच बरा. दिराला सांगते, पावसाच्या बाजूला फळी ठोक म्हणून. थांबा, असे रिकाम्या हाताने जाऊ नका. ही भाकर घ्या, राख झटकलीय. आणि ही मेणबत्ती. तुमच्या वाटेवरच आहे. लावून जा.

ओसेस : माफ करा, मला उशीर होतोय. थांबता येणार नाही.

एदेलमिरा : मग हॉर्न तरी वाजवा. कुठे वाजवायचा ते तुम्हाला सांगायला नको.