लुगड्याखालचा सूर्य

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एवढं सांगा — आपली चूक कुणीच पाहिली नाही, फक्त आपल्यालाच कळली, तर ती कबूल करायची की गिळून टाकायची? काय हो काका, मान का खाली घातली? अजून गोष्ट सुरूही झाली नाही!

आमच्या खानदेशात एक द्वारकाबाई. तिचा उडदाच्या पापडांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय — बारा पोळपाट, बारा बाया आणि बाराशे गप्पा! तरुणपणी मीही तिथे लाटायला जायची. लाटायची कमी, तेलात बुडवून कच्च्या लाट्याच जास्त खायची. ती चव... राहू द्या, कीर्तनात तोंडाला पाणी सुटणं बरं नव्हे!

मग घरात सून आली, प्रणाली. तिने लाटायचं मशीन आणलं. दिवसा वीज जाते म्हणून गच्चीभर सोलरच्या काळ्या पाट्या बसवल्या. बाया आता पीठ मळायला आणि पुडे भरायला.

"आत्या, आता सूर्यच पापड लाटणार!"

"अगं, तो वाळवायला असतो! लाटायला कधी शिकला?"

द्वारकाबाईचा राग मशीनवर नव्हता हो, गच्चीसाठी होता! चाळीस वर्षं जिथे वाळवण घातलं, तिथे आता पाय ठेवायला जागा नाही. पण बाई हट्टाची. रोज पन्नास पापड हातानेच लाटायची. आणि वाळवायची कुठे? त्या काळ्या पाट्यांवर! आपलं जुनं पांढरं लुगडं पसरायचं, टोकं बांधायची, वर पापड. तव्यासारख्या तापलेल्या पाट्या — दोन तासांत कडकडीत!

ओ ताई, तुम्ही हसता, तिला काय ठाऊक?

इकडे रोज दुपारी मशीन बंद! प्रणालीने तडवी मिस्त्रीला बोलावलं. तो यायचा संध्याकाळी. तोवर लुगडं घडी होऊन पेटीत. त्याने मशीन उघडलं, वायरी तपासल्या, गच्चीवर जाऊन आला. "वहिनी, सगळं ठीक आहे."

द्वारकाबाई खूश. "दुपारी वामकुक्षी घेतं वाटतं! आमच्या बाया कधी झोपल्या नाहीत हो!" आणि सुनेला बजावलं, "शनिवारी पुन्हा थांबलं, तर मशीन परत. या घरात पुन्हा नव्याचं नाव काढायचं नाही."

"बरं," प्रणाली म्हणाली. एवढंच. डोळे मात्र भरले.

शनिवार उजाडला. प्रणालीने मिस्त्रीला दुपारीच बसवून ठेवलं. बारा वाजून गेले — मशीन बंद! आणि त्याच वेळी उठली वावटळ. द्वारकाबाई धावली गच्चीवर. पापड ताटात ओढले, लुगडं खेचलं — खाली खटखट, खटखट!

"चालू झालं!" प्रणाली ओरडली.

द्वारकाबाई थबकली. लुगडं पुन्हा टाकलं.

"बंद पडलं!"

उचललं. "चालू झालं!"

टाकलं. "अहो, पुन्हा बंद!"

मंडळी, बाईला सगळं कळलं! गच्चीवर दुसरं कुणी नाही. आता फक्त लुगडं तसंच राहू द्यायचं — मशीन परत, गच्ची परत, सून कायमची गप्प. जिंकलीच की! पण तिला आठवले ते भरलेले डोळे. सूर्य रोज बिचारा दारात येत होता, आणि आपणच त्याच्या तोंडावर लुगडं टाकत होतो!

ती जिना उतरली. काखेत लुगडं, हातात ताट. सगळ्यांसमोर म्हणाली, "मिस्त्री, पेटी आवरा. बिघाड सापडला. ताटात आहे."

तडवी मिस्त्री बघतच राहिला. "मावशी... पापड?"

कुणी हसेना. हसावं की नाही, कळेना! प्रणालीने एक पापड उचलला, उन्हाकडे धरून पाहिला. "आत्या, बिघाड छान वाळलाय. तळू का?"

मग जी हसली द्वारकाबाई! पाठोपाठ बाराही बाया!

दुसऱ्या दिवशी सुनेने दोन पाट्या सरकवून घेतल्या. मधे एक बाज मावली — सासूच्या पन्नास पापडांची.

तेव्हा मंडळी, घरी अंधार वाटला, देव आपल्याकडे बघत नाही असं वाटलं, तर त्याच्याकडे तक्रार मागाहून करा. आधी आपापल्या गच्चीवर जा. लुगडं कुणाचं आहे ते बघा. आणि काका, तुम्ही आजच जा!

घ्या आता टाळ. आणि मन मोकळं करून नाव घ्या त्याचं!