लांब्याचा प्रबंध

मुलगी : ...म्हणजे बाबा, दुर्बिणीत काही बिघाड नव्हता. फोटोतला आकाशाचा उजेड वजा करताना तुम्ही चौकटी फार लहान घेतल्या. दीर्घिकेच्या कडेचा अंधूक प्रकाशही आकाशाचाच समजून वजा झाला.

बाबा : मोठ्या चौकटी घेतल्यास?

मुलगी : घेतल्या. तुमच्या तेवीस लंबगोल दीर्घिकांपैकी एकोणीस जणींभोवती कडी आहेत, तुटक्या शेपट्या आहेत. एकेक दीर्घिका दोन चपट्या दीर्घिका एकमेकींत शिरून झालीय. तारे एकमेकांवर आदळले नाहीत, पण सगळ्यांच्या वाटा विस्कटल्या.

बाबा : आणि वायू?

मुलगी : होता नव्हता तो तारे घडवण्यात एका दमात संपला. तेव्हापासून तिथे नवा तारा जवळपास नाहीच. नुसते म्हातारे तारे.

बाबा : आणि त्या एकट्याच, अशा गोल जन्मल्या, हे मी तीस वर्षं शिकवलं. आईला बोललीस?

मुलगी : ती म्हणाली, आधी बाबांच्या हृदयाची तपासणी होऊ दे, मग सांग.

बाबा : झाली की आता.

मुलगी : अजून एक आहे. तुमच्या कपाटात एक नापास प्रबंध सापडला. त्यात हेच लिहिलंय. प्रत्येक कड्यापाशी तुमची लाल शाई : ‘आरशावरची धूळ.’

(बाबा चष्मा काढतात.)

बाबा : लांब्या. माझा विद्यार्थी. दारातून वाकून यायचा. नंतर चष्म्याच्या दुकानात लागला. मागच्या वर्षी गेला.

मुलगी : भेटलात कधी?

बाबा : शेवटच्या आजारात. त्याने एवढंच विचारलं, सर, पुन्हा बघितलंत का?

मुलगी : मग?

बाबा : नाही म्हणालो.

मुलगी : बघायचं तरी होतंत, बाबा.

बाबा : बघितलं होतं. आदल्याच दिवशी. मोठ्या चौकटी घेऊन.

मुलगी : आणि तो मरायला टेकलेला असताना तुम्ही...

बाबा : जीभच रेटली नाही गं.

मुलगी : लाज वाटते मला तुमची. मी हे छापणार, त्याचं नाव पहिलं घालून.

बाबा : घाल. मी बघितलं होतं, तेवढं लिहू नकोस.

मुलगी : नाही लिहिणार. पण त्याच्या बायकोला सांगायचं ते तुम्ही. स्वतः जाऊन.

बाबा : मी गेलो की ती अजूनही मुलांना उठवून मला खुर्ची देते.